तात्यांची शेवटची नोंद

तात्या कदम कुठलाही काटा वाचण्याआधी काचेवर नखाने दोनदा टिचकी मारत. "अडाकला असंल तर सुटंल," म्हणत. धरणावरचे दाबमापक सोडाच, माझ्या लग्नात आहेरात आलेलं घड्याळही त्यातून सुटलं नाही.

अलोऱ्याच्या वसाहतीत आम्ही शेजारी आणि धरणावर मी त्यांच्या हाताखाली. धरणाच्या पोटात बसवलेली उपकरणं रोज पाहायची. पाण्याचा दाब, पाझर, भेगांची रुंदी वहीत मांडायची. नवा असताना एकदा कंटाळून मी खाली न उतरताच कालचे आकडे जरा इकडेतिकडे करून लिहिले. तात्यांनी वही मिटली. "काटा खोटा नाय बोलत, वाचनारा बोलतो. ऊठ." सगळ्या पायऱ्या मला उतरायला लावल्या आणि स्वतःही बरोबर आले. पुन्हा तसा आकडा लिहायची माझी छाती झाली नाही.

निवृत्तीनंतर तात्या जवळच्याच आपल्या गावी राहायला गेले. गेल्या शिमग्याच्या तोंडावर त्यांच्या छातीत दुखू लागलं. चिपळूणच्या डॉक्टरांनी छातीला हृदयाचे ठोके नोंदणारं चोवीस तासांचं यंत्र लावलं. नेहमीसारखं हिंडा, जिना चढा, दुखलं की वेळ कागदावर लिहा, असं बजावलं. दुपारी मी डोकावलो तर तात्या आरामखुर्चीत निपचित पडलेले. कागदावर मात्र त्यांचंच अक्षर: 'परसात चाललो. जिना दोनदा. दुखणे नाही.'

मी कागद उचलला. "तात्या, हे तुम्ही लिहिलंत?"

"गप ऱ्हव. पालखीचा पयला खांदा आमच्या घराचा. डाक्टर आता मना आडवा करंल. शिमगा होऊ दे, मंग खरा काय ता सांगतो."

मी गप्प राहिलो. वयाचा मान म्हणा, पालखीचा म्हणा. यंत्रात फारसं काही आलं नाही आणि कागदावर तर नव्हतंच. डॉक्टरांनी गोळ्या देऊन घरी पाठवलं.

पालखी आली. तात्यांनी खांदा दिला, ढोल चढला तशी नाचवलीही, आणि पालखी टेकवायच्या सहाणेसमोर, भर उन्हात, गावादेखत कोसळले. मी दोन हातांवर होतो. दवाखान्यापर्यंत ते पोचलेच नाहीत.

तेराव्यानंतर त्यांच्या पत्नीने, काकींनी, मला तात्यांची जुनी वही दिली. शेवटच्या पानावर यंत्र लावलेल्या दिवसाची नोंद होती. 'न्हाणीपर्यंत गेलो, दुखले. पाणी प्यायला उठलो, दुखले. डावा हात जड.' प्रत्येकापुढे वेळ, मिनिटासकट. डॉक्टरांना खोटं सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या वहीत खोटं लिहिता आलं नव्हतं.

खाली धरणावरच्या सवयीने रकाना आखलेला होता: तपासणाऱ्याची सही. तो कोरा होता. त्या दिवशी तपासायला मीच तर गेलो होतो.