जागामालकांची गाडी

गाडी थांबवली की जागामालक खाली उतरून वाकत आणि तिच्या पोटाखाली तळहात धरत. बॅटरी तिथे असते. ऊब लागली तर चार्जिंगची वायर डिकीतच राही. "नांगरावरून आलेल्या बैलाला लगेच पानी दाखवतात का?" ते विचारत. उत्तराची वाट न पाहता सावलीत बसत.

मनवेलपाड्यातली आमची इमारत त्यांच्या भातशेतीवर उभी आहे. मोबदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये ते आणि त्यांची बायको, आमच्या काकू, राहत. नाव सगळ्यांना ठाऊक होते, पण हाक जागामालक म्हणूनच मारली जाई. त्यात मान होता, थोडी टिंगलही होती.

विजेवरची ही जुनी गाडी हौसेची नव्हती. काकूंना दिवसाआड डायलिसिससाठी वसईला न्यावे लागे. येताना त्यांना चक्कर येई, रिक्षात बसवत नसे. गाडीत सीट मागे करून त्या डोळे मिटून पडत.

चार्जिंगची एक शिस्त त्यांनी ठरवली होती. बॅटरी ऐंशी टक्के भरली की प्लग काढायचा. "तडस लागेस्तोवर चारलं तर जनावर उठत न्हाय." चार्जिंग दुपारीच करायचे, कारण संध्याकाळी सगळ्या इमारतींचे पाण्याचे पंप एकदम सुरू होतात. "तेव्हा वीज पन दमलेली असते," ते म्हणत. स्वतःबद्दल मात्र त्यांनी हा शब्द कधी वापरला नाही.

अडचण वेगळी होती. इमारतीच्या पार्किंगमध्ये प्लग नव्हता. मोकळ्या दिवशी ते गाडी घेऊन जुन्या गावठाणात भावाकडे जात आणि ती भरेपर्यंत तिथे बसून राहत. एक दिवस दवाखान्याच्या बाकावर, दुसरा भावाच्या ओट्यावर. काकू फ्लॅटमध्ये एकट्या. स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत लाइन ओढण्याची परवानगी त्यांनी सोसायटीकडे मागितली, ती यासाठी.

मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "जागामालक, जमीन तुमची होती. पार्किंग सोसायटीचं आहे."

"म्हनून तर विचारतो. माझं असतं तर विचारलं असतं का?"

लोक हसले. मागून कोणी म्हणाले, "बॅटरीला आग लागली तर? जबाबदार कोण?"

"माझी बायको वरच झोपलेली असते, बाबा. तुमच्याआधी मला भीती."

पुढे ते फक्त एवढे म्हणाले, "तिला समोर कोनीतरी बसलेलं लागतं. काम काही नसतं. नुसतं बसायचं."

निर्णय पुढच्या मीटिंगवर गेला. मग त्याच्या पुढच्या. एकदा कोरम भरला नाही, एकदा सेक्रेटरी गावी होते. जागामालक प्रत्येक मीटिंगला वेळेवर येत, मागच्या खुर्चीत बसत आणि विषय निघाला नाही तर तसेच वर जात. त्यांनी कोणाशी भांडण केले नाही. भांडायला लागणारी ताकद दुसरीकडे खर्च होत असावी.

अखेर परवानगी मिळाली. वायरमनने पाइपातून लाइन खाली आणली, स्वतंत्र स्विच बसवला, अर्थिंग तपासले. त्या दुपारी प्लग लावून जागामालक लगेच वर गेले. दोघांनी मिळून चहा घेतला, असे मला आमच्या समोरच्या दारातून दिसले.

तो क्रम काही आठवडे टिकला. मग एका सकाळी वसईला निघण्याच्या वेळी काकू पलंगावरून उठल्याच नाहीत. "आता पुरे झालं," त्या म्हणाल्या. डॉक्टर फोनवर बोलले, मुलगी येऊन रडली. काकूंचा आवाज चढला नाही. "गाडी भरलीय ना? मग मला माहेरी न्या."

माहेर आगाशीच्या पुढे. जागामालकांनी त्यांना धरून खाली आणले, सीट मागे केली. काकूंनी ती पुन्हा सरळ करून घेतली. त्या आठवड्यात माहेरीच काकू गेल्या.

जागामालक आता मुलीकडे राहतात. सामान न्यायला आले तेव्हा सेक्रेटरींनी लाइन काढून टाकायची का विचारले. "राहू द्या. कोनाला तरी लागेल," ते म्हणाले. जिन्यात मी विचारले, त्या दिवशी काकू वाटेत काही बोलल्या का.

"बोलली की. कोनत्या बिल्डिंगखाली कोनाचं शेत होतं, ते सांगत होती. एकेकीकडे बोट दाखवून." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मी गाडी हळू चालवली."