पातेल्यातलं मीठ

आमच्या वरच्या खोलीतल्या मास्तरासारखा जेवणारा माणूस अख्ख्या लातुरात झाला नाही. मी तीस वर्षं खानावळ चालवते, हजारो तोंडं हलताना पाहिलीत. पण घास घेण्याआधी ताटाकडं पोथीसारखं बघणारा हा एकच. मूळचा उमरीचा, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. त्यातही फंक्शनल प्रोग्रॅमिंग नावाचा काही प्रकार होता, तो त्याला माझ्या स्वयंपाकघरात जागोजागी दिसायचा. गिरणीत ज्वारी घातली की ज्वारीचंच पीठ येतं, मग गिरणीवाला बायकोशी भांडून आलेला का असेना. याला तो चांगलं फंक्शन म्हणायचा. येसराच्या डब्यापुढं तर त्यानं हातच जोडले. येसर, म्हणजे आमटीचं मसाला-पीठ, भाजून-दळून ठेवलं म्हणजे आमटीचं अर्धं काम आज झालं, उरलेलं पाहुणा आल्यावर, उकळत्या पाण्यात. "एवढंच समजवायला मला आठवडा लागतो, मावशी," म्हणाला. मी म्हटलं, "मग पोरांना डबाच दाखवा." दुसऱ्या दिवशी डबा खरंच कॉलेजात गेला आणि अर्धा होऊन परत आला. भाकरी तर तो आधी करूच द्यायचा नाही. मागितल्याशिवाय तव्यावर टाकायची नाही, याला त्यांच्यात आळशी पद्धत म्हणतात म्हणे. मला आळशी म्हणून वर जेवून गेलेला तो पहिला माणूस.

एका गोष्टीवरून मात्र तो चिडायचा. कुणी आमटी अळणी म्हटली की मी पातेल्यातच मीठ टाकायची. शेवटच्या पंगतीला ती तोंडात धरवायची नाही. पातेल्याला हात लावू नका, ज्याला अळणी लागलं त्याच्या वाटीत घाला, हे तो रोज सांगायचा आणि मी रोज विसरायची.

माझी नात त्याच विषयात दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा नापास झाली तर रेणापूरला घरी नेऊन लग्न लावायचं, असं माझ्या लेकानं ठरवून टाकलं होतं. पोरीचं जेवण सुटलं. मास्तर तिला माझ्या ओट्यापाशीच घेऊन बसला. तिचा प्रोग्रॅम पहिल्यांदा बरोबर उत्तर द्यायचा, दुसऱ्यांदा चूक. त्यानं वही पाहिली आणि माझ्याकडं वळला.

"पोरगी तुमच्यावर गेली हाय, मावशी. पातेल्यातच मीठ टाकून राहिली."

म्हणजे मूळ यादीतच ती दर वेळी फेरफार करत होती. नवी करून घ्यायची सोडून. पोरीनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा पातेल्याकडं. मग पान खोडून नव्यानं लिहायला घेतलं. मी चौथी शिकलेली बाई. मीठ कॉम्प्युटरात कसं शिरलं, या अचंब्यात भाकरी करपली. पोरगी पास झाली. लेक पेढे घेऊन आला, लग्नाचं बोलला नाही.

पुढं मास्तराला नांदेडला जागा मिळाली. जाताना येसराचा डबा घेऊन गेला, तो अजून आलेला नाही. मी मागितलाही नाही. हल्ली कुणी अळणी म्हटलं की मी मीठ वाटीत घालते. मूळ आहे तसं जागेवर राहू द्यावं, असं जन्मभर सांगत फिरणारा माणूस; स्वतः मात्र माझ्या डब्यासकट निघून गेला.