वीरगळापुढचा नकार

‘असं म्हणतात’ हे शब्द कुणाच्या तोंडून निसटले, की मगदूमबाई हातातला खडू खाली ठेवत आणि शांतपणे विचारत, “कोण म्हणतं?” उत्तरासाठी त्या थोडा वेळ थांबत. मग ते येवो न येवो, खडू पुन्हा उचलत.

बँकेतून निवृत्त झाल्यावर सांगलीच्या महाविद्यालयात मी एम.ए. इतिहासाला प्रवेश घेतला. मागच्या बाकावर अंग चोरून बसत असे. पहिल्याच दिवशी एकाने विचारले, “बाई, इतिहास करून पुढं काय?” बाई म्हणाल्या, “संग्रहालयं आहेत, पुराभिलेख आहेत, पर्यटन आहे, स्पर्धा परीक्षा आहेत. जागा थोड्या आहेत, हे आजच सांगते. पण ऐकलेलं तपासून घ्यायची सवय लागली, तर ती कुठल्याही कामात उपयोगी पडते.”

वर्गात सर्वांत तल्लख होती रेणुका; जत तालुक्यातल्या मेंढपाळाची मुलगी. दुसऱ्या वर्षाला ती आलीच नाही. घरी लग्नाची बोलणी सुरू झाल्याचे कळले. बाई मला म्हणाल्या, “तुमची गाडी आहे ना? रविवारी जाऊन येऊ.”

रेणुकाच्या वडिलांनी, मायाप्पांनी, सारे ऐकून घेतले आणि आम्हाला देवळामागे नेले. तिथे एक वीरगळ होता, लढताना पडलेल्या माणसाच्या स्मरणार्थ कोरलेला दगड. रेणुका आमच्या मागे येऊन उभी राहिली.

“ह्यो आमच्या घराण्याचा मूळपुरुष. हितं बोर्ड लावायचाय. तुमी येवढं लिवून सही करा बाई, पोरीला उद्या धाडतो.”

बाई दगडापुढे उकिडव्या बसल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, “खालच्या पट्टीत गुरं आहेत. पळवलेली गुरं सोडवताना हा माणूस पडला. एवढं लिहून देते.”

“आन् घराणं?”

“दगडावर नाव नाही. तुमचा असेल, नसेलही. मला सांगता येणार नाही.”

“आवं, पोरीसाठी बी न्हाई?”

“तिच्यासाठीही नाही.”

रेणुकाने मान खाली घातली. दोन ओळींनी कुणाचे काय बिघडणार होते? मी मनातल्या मनात बाईंची विनवणी करत होतो.

मायाप्पा दगडाकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, “पाणी देतो म्हणून हो हो करणारे पुढारी लय आले ह्या गावात. तोंडावर न्हाई म्हणणारं माणूस पैलंच बघतोय.” लेकीकडे वळून ते म्हणाले, “कपडे भर गं. उद्या कालेजात जायाचं हाय.”

रेणुका आज साताऱ्याच्या एका संग्रहालयात काम करते. बाई मात्र गेल्या उन्हाळ्यात वारल्या. मला सारखी आठवते ती त्या दिवशीची परतीची वाट. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. न राहवून मी विचारले, “मायाप्पांनी ऐकलं नसतं तर?”

“तर तिचं शिक्षण संपलं असतं. आणि त्याचं कारण मी ठरले असते.”

“तरीही सही केली नसती?”

“तरीही.”

त्यांनी डोळे पुसले.