ताईंकडचे रविवारचे पाहुणे

शनिवार-रविवार आत्याकडे जाऊन ये, असं लेकीला मीच सांगितलं होतं. ती जर्मनीत शिकते. परीक्षा संपली होती, वसतिगृहातल्या मुली घरोघर गेल्या होत्या आणि पोरगी फोनवर दिवसेंदिवस कमी बोलत होती. माझ्या मोठ्या नणंदेचं गाव तिच्या विद्यापीठापासून रेल्वेने काही तासांवर. यजमान वारल्यावरही ताई तिथेच राहिल्या, नोकरी करतात. पोरीला घरचं जेवण मिळेल, आपलं माणूस भेटेल. तिकीट काढून झालं आणि मी माझ्या यादीतलं ते काम खोडलं.

मग ताईंचा फोन आला.

"पोरीजवळ साडी आहे का वं एखादी? घेऊन ये म्हणा तिले."

"साडी कशाला, ताई?"

"काही नाही. रविवारी दोन-तीन माणसं येऊन राहिले चहाले. सहज."

मी सावध झाले. आमच्या नात्यागोत्यात मुलगी पाहायला येतो असं कोणी म्हणत नाही. सगळे सहजच येतात. मला पाहायला याच ताई आल्या होत्या. इतवारीच्या बाजारात भांडी घ्यायला आले होते, वाटेत तुमचं घर दिसलं, म्हणाल्या. आमचं घर इतवारीच्या वाटेवर नव्हतं आणि ताईंच्या हातात साधा चमचाही नव्हता.

लेकीने परदेशी जाताना एकच अट घातली होती: शिक्षण संपेपर्यंत मला कोणाला दाखवायचं नाही. मी शब्द दिला होता. आता मीच पाठवलेल्या घरात तिच्यासमोर कोणी मुलगा आणून बसवला, तर यापुढे ती माझ्या कोणत्या बोलण्यावर विश्वास ठेवणार होती?

नवऱ्याला विचारलं. बुटीबोरीच्या कारखान्यातून दमून आलेला माणूस, कूलरसमोर बसून म्हणाला, "एकटी राहते ताई. बोलावले असतील पाहुणे. तू काहून सगळ्यात खोट शोधते?"

इतक्या चटकन उत्तर आलं की बहीण-भावाचं आधीच बोलणं झालं असावं, असं मला वाटलं.

साडीचा निरोप मी दिलाच नाही. उपयोग झाला नाही. शनिवारी लेकीचा फोन आला, तेव्हा ताईंनी स्वतःची निळी साडी काढून ठेवली होती. "आई, आत्या सकाळपासून पडदे धुऊन राहिली. उद्या तर्री-पोहे करायचे म्हणते, तर रश्शाचे चणे आताच भिजवले."

साडी झाली, पडदे झाले, आता पोहेही.

"येणार कोण आहे?"

"कोणी काका आहेत. मूळचे मौद्याकडचे. आणि त्यांचा मुलगा."

रविवारी दुपारी, म्हणजे तिथल्या सकाळी, मी सरळ ताईंना फोन लावला. "ताई, स्पष्ट विचारते. माझ्या पोरीला दाखवून राहिल्या का तुम्ही? तो मुलगा तिच्यासाठी येत असेल, तर तिला मी आत्ता गाडीत बसायला सांगते."

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मला वाटलं, बरोबर पकडलं.

"त्या पोराले बायको आहे वं," त्या हळूच म्हणाल्या. "तेही येऊन राहिली."

"मग?"

"त्याचे बाबा मले पाह्याले येऊन राहिले."

मी खुर्ची ओढून बसले.

"त्यांचीही बायको वारली. त्यांच्याकडून पोरगा-सून. माझ्याकडून कोणी नको काय? माहेरचं एकही माणूस नाही, एकटीच कशी बसू? तुझ्या नवऱ्याले सांगाची हिंमत नाही झाली, या वयात."

"अन् साडी?"

"माहेरचं माणूस फाटक्या जीन्समधे बसलेलं बरं दिसते काय?"

मी फोन लेकीकडे द्यायला लावला आणि तिला सगळं सांगून टाकलं. ती किंचाळली. "आत्याला? आणि मी काय करू?"

"बसायचं आणि विचारायचं. बायको जाऊन किती दिवस झाले, तब्येत कशी, राहायचं कोणाच्या घरी. मुख्य म्हणजे यांना सोबत हवी आहे की घरात स्वयंपाकाला बाई?"

"आई, मला दाखवायचं नाही म्हणून तू भांडत होती ना? आता मलाच दुसऱ्याला पाहायला लावते?"

"ते तुझ्या अटीत नव्हतं."

ती हसली. किती दिवसांनी. मग म्हणाली, "पण बरं केलंस आधी सांगितलंस. तिथे बसल्यावर कळलं असतं, तर मी तुझ्याशी बोललेच नसते."

संध्याकाळी तिचा अहवाल आला. आत्याची तर्री पाणचट झाली होती. काकांनी स्वयंपाकघरात जाऊन ती उकळून दाट केली आणि नंतर भांडीही घासली.

"पहिल्या दिवशी सगळेच घासतात," मी म्हटलं. "सून काय म्हणाली?"

"आई!"

"पुढच्या सुट्टीत पुन्हा जा. न सांगता जा. मग बघ, भांडी कोण घासतं."

"जाईन," ती लगेच म्हणाली.

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. मी फोन त्याच्या हातात दिला आणि लेकीला सांगून ताईंना फोनवर बोलावून घे, म्हटलं.