एफवाला प्रोसेसर

आमच्या घरातला पहिला गेमिंग कॉम्प्युटर मी बंद पाडला, आणि तोही सुरू होण्याच्या आधी.

मी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर आहे. सव्वीस वर्षं मशिनी दुरुस्त करतोय, त्यामुळे कुठल्याही यंत्राबद्दल कोणी मला समजावून सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे जे झालं त्याचं फार आश्चर्य वाटणार नाही.

माझी मुलगी केतकी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या गेमिंग स्पर्धेत चार मुलींचा संघ उतरवायचा असं तिने ठरवलं होतं आणि सरावाला घरी कॉम्प्युटर हवा होता. तयार घेतला तर महाग पडतो, म्हणून सुटे भाग आणून ती स्वतः जोडणार होती. तीन आठवडे खपून तिने यादी केली. प्रत्येक भागाचा पूर्ण नंबर आणि सगळ्यात खाली लाल पेनाने एक ओळ : ‘पप्पा, यात काहीही बदलू नका.’

तिची प्रॅक्टिकल चालू होती, म्हणून सामान आणायला मी एमजी रोडला गेलो. दुकानदार भला माणूस होता. यादी वाचून म्हणाला, “काका, प्रोसेसर हाच हवाय का? यातच एफवाला येतो. स्पीड सेम, पण स्वस्त पडेल.”

वेग तोच आणि पैसे कमी. सव्वीस वर्षांच्या अनुभवाला आणखी काय हवं? एफ म्हणजे काय ते विचारावंसं वाटलं, पण शेजारी कॉलेजच्या दोन मुली उभ्या होत्या. त्यांच्यासमोर कसं विचारणार? एफ म्हणजे फास्ट असणार, असं मी ठरवून टाकलं.

“द्या एफवाला,” मी म्हणालो.

“कार्ड आहे ना पण तुमच्याकडे?”

“आहे की. नवंच आहे, गेल्या महिन्यात आलंय.”

“मग काही प्रॉब्लेम नाही.”

मी लगेच बँकेचं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. तो हसला. (माझ्या तत्परतेचं त्याला कौतुक वाटलं असावं, असं मी धरून चाललो.) वाचलेल्या पैशांत मी यादीत नसलेला, काचेच्या दाराचा आणि रंगीत दिव्यांच्या पंख्यांचा डबा, म्हणजे कॅबिनेट, घेतला. यादीतला साधा काळा पत्र्याचा होता. मुलीला तेवढंच सरप्राइज.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जोडणी सुरू झाली. नेमका त्याच दिवशी माझा मेहुणा दत्तू लग्नाची पत्रिका घेऊन चांदवडहून आला होता. केतकीने प्रोसेसरच्या खोक्यावरचा आकडा यादीशी ताडून पाहिला. आकडा जुळला. त्यापुढचं अक्षर तिने पाहिलं नाही, कारण आणायला बाप गेला होता.

मदरबोर्डवर प्रोसेसर बसवून तिने वरची कडी दाबली, तेव्हा कर्रकन आवाज आला. ती दचकली.

“पप्पा, काही मोडलं का?”

“हलक्या हाताने करावं माणसाने,” खुर्चीतून मी मार्गदर्शन केलं.

दुपारी एक वाजता तिने बटण दाबलं. पंखे फिरले. लाल, हिरवे, जांभळे दिवे लागले. आमची ही, म्हणजे सुनंदा, हात जोडून उभी राहिली. स्क्रीन मात्र काळा तो काळाच. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘नो सिग्नल’.

“लय भारी दिसतंय, दाजी,” दत्तू म्हणाला. “पण दिसत काहीच नाय.”

केतकीने वायर बदलली. काही नाही. रॅम काढून खोडरबरने पुसली, परत बसवली. काही नाही. मग मी सूत्रं हातात घेतली. दोष स्क्रीनचा आहे, असं जाहीर करून मी भिंतीवरचा टीव्ही उतरवायला गेलो. टीव्ही निघाला, त्यासोबत दोन स्क्रू आणि ताटलीएवढा गिलावाही निघाला. टीव्हीला जोडून पाहिलं, तर तिथेही ‘नो सिग्नल’, फक्त मोठ्या अक्षरांत.

“अहो, आता राहू द्या,” सुनंदा म्हणाली.

पण कारखान्यात बंद मशीन एका विशिष्ट जागी थोपटलं की सुरू होतं, हे मला ठाऊक आहे. ती जागा शोधायला मी डब्याचं काचेचं दार काढलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं. फरशीला काचेचा कोपरा लागायचा अवकाश, फाटकन आवाज झाला आणि त्या दाराची साखर झाली. अख्ख्या हॉलभर. दत्तूने पाय वर घेतले ते झाडू येईपर्यंत खाली ठेवले नाहीत.

मग केतकी हळूच म्हणाली, “पप्पा, चूक माझी आहे. तो कर्र आवाज आला ना, तेव्हाच बोर्ड गेला. मी उगाच स्वतः जोडायला बसले. मैत्रिणींना सांगते, मला जमणार नाही म्हणून.”

तिचे डोळे भरून आले होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनाने म्हणालो, “होतं असं, बेटा. मी रागावलो नाही. माणूस चुकांतूनच शिकतो.” सुनंदाने माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं, की तसं तिने साखरपुड्यानंतर पाहिलं नव्हतं.

बोर्ड बदलून मिळेल का, हे विचारायला केतकीने दुकानात फोन लावला. स्पीकर चालू होता. तिने कर्र आवाजाचं सांगितलं.

“ताई, तो आवाज सगळ्यांचाच येतो,” दुकानदार म्हणाला. “ग्राफिक्स कार्ड नीट बसवलंय ना?”

“आम्ही कार्ड घेतलंच नाहीये. डिस्प्ले प्रोसेसरवरूनच येणार आहे.”

“कसा येईल? काकांनी एफवाला नेलाय. त्यात डिस्प्ले नसतोच, वेगळं ग्राफिक्स कार्ड लावावं लागतं. मी विचारलं होतं, कार्ड आहे ना? नवीन आहे म्हणाले.”

माझा हात अजून तिच्या डोक्यावरच होता. तो मी काढून घेतला.

“पप्पा,” केतकी म्हणाली, “कुठलं कार्ड?”

“बँकेचं,” मी म्हणालो.

दत्तू पत्रिका टेबलावर ठेवून गॅलरीत गेला. त्याचे खांदे हलताना काचेतून स्पष्ट दिसत होते. सुनंदाने माझ्याकडे पुन्हा पाहिलं. आता साखरपुड्याचा काही संबंध नव्हता. केतकी मात्र ओरडली नाही. बोर्ड शाबूत आहे हे कळल्याबरोबर तिचा चेहरा उजळला होता, आणि मला तेच जास्त लागलं.

सोमवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. खोकं धरायला म्हणून तिने मला सोबत घेतलं होतं. दुकानदाराने प्रोसेसर तपासला आणि कुरकुर न करता बदलून दिला. तो जे विचारत होता ते केतकीला विचारत होता, आणि ती पटापट उत्तरं देत होती. मी खोकं छातीशी धरून उभा होतो.

शेवटी तो माझ्याकडे वळला. “काका, चहा साधा घेणार की मसाल्याचा?”

मी केतकीकडे पाहिलं.

“साधा द्या त्यांना,” ती म्हणाली.