दुसऱ्याची सुई

मी काय काम करतो असं कुणी विचारलं, की अम्मी "आरोग्य खात्यात आहे" म्हणून सांगते. अगदीच खोटं नाही. पाठीला नव्या सुयांची पिशवी आणि हातात जुन्या सुया टाकायचा जाड प्लास्टिकचा डबा घेऊन मी पुण्यात विश्रांतवाडीपासून नदीपर्यंत फिरतो. जे नशेची इंजेक्शनं घेतात त्यांना नवी सुई द्यायची, जुनी परत घ्यायची आणि एचआयव्हीच्या तपासणीला आणायचं. मला या कामावर घेतलं ते शिक्षण बघून नव्हे. काही वर्षं मीही टोचून घेतलंय. त्यामुळे कोण थापा मारतो हे मला बरोबर कळतं, असा माझा समज होता.

त्या दोघा भावांना मी माझ्या नशेच्या काळापासून ओळखतो. थोरला पाण्याचा टँकर चालवायचा, धाकटा सोबत जाऊन पाइप धरायचा. टँकर भरेपर्यंत दोघं मागच्या झुडपात जाऊन यायचे. थोरल्याची तपासणी पॉझिटिव्ह आली तेव्हा सरकारी दवाखान्यात सोबत मीच होतो. बाहेर आल्यावर त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"धाकल्याला कळता कामा नये. लगीन ठरलंय त्याचं."

"मी नाही सांगणार. तू सांग," मी म्हणालो. तो टँकरकडे गेला.

आमच्या कामात एकाचा निकाल दुसऱ्याच्या कानावर घालायचा नाही. एकदा माझं तोंड सुटलं, तर नदीच्या पुलाखाली टोचून घेणारी सगळी मंडळी मला बघून वाट बदलतील आणि तपासणीला कुणीच येणार नाही. हे मला पटत होतं, तरी धाकट्याचा विचार डोक्यातून जात नव्हता. शेवटी त्याला गाठून नेहमीचा प्रश्न विचारला.

"दुसऱ्याची सुई वापरतोस?"

"कधीच न्हाय, भाई."

तो खोटं बोलत नव्हता, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. मला हायसं वाटलं.

आठवड्याभराने तोच तणतणत आला. "दादा बदललाय, भाई. माझं लगीन ठरल्यापासनं पार तुटक वागतोय. रोज नवी सुई माझ्या पुढ्यात टाकतो, पाव्हण्याला ताट वाढल्यागत. स्वतःची काय देत न्हाय."

मी त्याला थांबवलं. "म्हणजे आधी त्याची घ्यायचास?"

"मग? त्याचं झालं की मी."

"अरे, गेल्या आठवड्यात विचारलं तेव्हा कधीच नाही म्हणालास!"

"तुम्ही दुसऱ्याची म्हणलात. दादा काय दुसरा हाय व्हय?"

त्याचा राग आला, आणि या परिस्थितीतही हसू आलं. 'दुसऱ्याची सुई वापरू नका' हे वाक्य आम्ही भिंतीवर लिहिलं होतं, पोपटासारखं म्हणत फिरत होतो. ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो त्याला दुसरा कोण म्हणणार? आता मी सरळ विचारतो, भावाची वापरतोस का, बायकोची वापरतोस का. लोक चिडतात. चिडू देत.

त्या दिवशी मात्र खरं कारण जिभेवर आलेलं मागे ढकलावं लागत होतं. "लग्नाआधी एकदा तपासून घे," मी म्हणालो. "हल्ली सगळेच करतात. हिंजवडीतले इंजिनिअरसुद्धा."

"मग त्यांनाच न्या की," म्हणून तो निघून गेला.

मी तडक थोरल्याला गाठलं आणि भर रस्त्यात त्याच्यावर ओरडलो. "तो रुसलाय तुझ्यावर! तू गप्प बसून त्या पोरीलाही यात ओढतोयस, कळतंय का?"

तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. "कसं सांगू? त्याला पयल्यांदा मीच टोचली व्हती."

"उद्या त्याला आमच्या तपासणी केंद्रावर घेऊन ये," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी दारात उभा. ते येणार नाहीत अशी माझी खात्री होत चालली होती, तेवढ्यात टँकर बोळाच्या तोंडाशी लागला आणि मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. दोघं आत आले. आमच्या समुपदेशक बाई बसा म्हणायच्या आत थोरला उभ्याउभ्याच धाकट्याला म्हणाला, "मला एचआयव्ही हाय. म्हणून देत नव्हतो."

धाकटा आता हात उगारणार म्हणून मी मध्ये सरकलो. पण त्याने तपासणीसाठी बाईंपुढे बोट धरलं.

तपासणीच्या पट्टीवर एक रेघ उमटली तर बरं, दोन उमटल्या तर वाईट, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. थोरला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. एकच रेघ आली.

"आत्ता काही दिसत नाही," बाई म्हणाल्या. "पण इतक्यात निर्धास्त होऊ नका. लागण अलीकडची असेल तर रक्तात उमटायला वेळ लागतो. तीन महिन्यांनी पुन्हा या, आणि तोवर लग्न नको."

लग्न पुढच्या महिन्यात होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

धाकट्याने फोन काढला, मुलीचा नंबर लावला आणि कानाला न लावता तसाच धरून बसला. पलीकडून "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं. थोरल्याने फोन त्याच्या हातातून घेतला.

"मी ह्याचा थोरला भाऊ बोलतोय. लगीन पुढं ढकलायचंय. आम्ही दोघं नशेची इंजेक्शनं घेतो. त्यातनं मला एचआयव्ही झालाय. त्याचं अजून नक्की कळायचंय. त्याला नादाला लावला तो मी. काय शिव्या द्यायच्या त्या मला द्या."

तो ऐकत राहिला. मग त्याने फोन धाकट्यापुढे धरला.

"घे. तुझ्या तोंडनं ऐकायचंय म्हणती."