इस्त्रीवाल्या अक्कांचं ई-ए-डी-जी-बी-ई

इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करण्यात अक्कांचा हात धरणारं कोणी नव्हतं. वय पंचावन्नला टेकलं होतं, गुडघे कुरकुरत होते, पण जिभेची धार तसूभर कमी झाली नव्हती. यजमान वायरमन. त्यांना कामगार क्लबाच्या सोडतीत दुसरं बक्षीस लागलं आणि ते तोंड पाडून गिटार घेऊन घरी आले.

"तिसरं बक्षीस कुकर होता," ते म्हणाले. "थोडक्यात हुकला."

"अहो, मग हिच्यात काय शिजवू मी?"

गिटार विकून टाकायची असं ठरलं. पण गिऱ्हाईक यायच्या आधी अक्का ती पुसायला बसल्या आणि कापड जाड्या तारेला लागलं. तारेचा घुमारा त्यांच्या पोटापर्यंत गेला. पुढच्या शनिवारी अक्का वाचनालयाच्या वरच्या खोलीतल्या गिटारच्या वर्गात हजर! वर्गात बाकीचे आठजण त्यांच्या निम्म्या वयाचे आणि शिकवणारी ताई तर त्यांच्या भाचीएवढी.

"काकू, सहा तारा," ताईनं सांगितलं. "जाडीपासून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई. पण नंबर उलटे. बारीक ती पहिली, जाडी ती सहावी."

"म्हणजे पंगतीला वाढायला सुरुवात एका टोकाकडून आणि पानं मोजायची दुसऱ्या टोकाकडून? कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

ताईला हसू आवरेना. तिनं एक इंग्रजी वाक्य पाठ करायला दिलं, शब्दांची पहिली अक्षरं म्हणजे तारांची नावं. ते वाक्य जिना उतरेपर्यंत टिकलं. रस्त्यावर आल्यावर अक्कांच्या डोक्यात फक्त दोन ई उरल्या, मधल्या चौघी बेपत्ता.

सोमवारी दुपारी चादर इस्त्रीच्या रोलरमध्ये सारताना त्यांची नजर काचेच्या केबिनकडे गेली. आत लाँड्रीचे सुपरवायझर साहेब डबा संपवून खुर्चीत डुलत होते. हनुवटी छातीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. अक्का बघत राहिल्या आणि ओठांवर आपोआप शब्द आले.

"इतका एदी डुलतो जेवून, बसल्याबसल्या इथेच!"

म्हणता म्हणता त्या थबकल्या. ई, ए, डी, जी, बी, ई. सगळ्याजणी ओळीत उभ्या! अक्कांना स्वतःचाच असा काही अभिमान वाटला की त्यांनी शेजारी घड्या घालणाऱ्या चिमणीला लगेच ऐकवलं. चिमणीच्या पोटात तीळ भिजत नसे. बुधवारपर्यंत धुणाऱ्या, वाळवणाऱ्या, घड्या घालणाऱ्या सगळ्या बायका ते वाक्य ठेक्यात म्हणू लागल्या. काम भराभर होत होतं, त्यामुळे साहेबही खूश होते.

गुरुवारी मात्र ते जेवून लवकर जागे झाले.

"अक्का, हे कोणाबद्दल चाललंय?"

चिमणीनं अभ्र्यात तोंड घातलं.

"तारांबद्दल, साहेब," अक्का म्हणाल्या. "गिटारच्या. नावं लक्षात राहावीत म्हणून."

"तारा जेवतात?"

"जेवत नाहीत, पण डुलतात की."

"बरं," साहेब म्हणाले. "उद्या घेऊन या गिटार. खुंट्या मी पिळणार, तारा तुम्ही लावायच्या. लागल्या तर वाक्य तारांचं. नाही लागल्या तर कोणाचं ते मला कळेल."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत अक्का गिटार घेऊन चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या. "जाडी तेवढी सोडा," त्यांनी विनवलं, "तिच्यावरून बाकीच्या लागतात." साहेबांनी जाडी सोडली आणि उरलेल्या पाच खुंट्या मनसोक्त पिळल्या.

अक्कांनी ताईची शिकवण आठवली. गिटारच्या मानेवर पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांमधलं ते घर. जाड्या तारेवर पाचव्या घरात बोट दाबायचं. जो सूर निघेल, तोच खालच्या मोकळ्या तारेचा. तो जुळला की ती तार धरून पुढची. अक्का हळूहळू उतरत गेल्या. इतका, एदी, डुलतो, जेवून... कान तारेला, जीभ दातांत. शेवटची बारीक तार लागली तेव्हा त्यांच्या पाठीला घाम फुटला होता. त्यांनी सगळ्या तारांवरून एकदा हात फिरवला.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मात्र डोळे मिटले. अक्कांना वाटलं, झाली सुरुवात डुलायला!

"पहिली आणि शेवटची एकाच नावाच्या ना?" साहेबांनी डोळे न उघडता विचारलं. "दोघी एकदम छेडा."

अक्कांनी छेडल्या.

"भांडतायत त्या. तीन नंबरच्या ड्रायरचा पट्टा घासतो ना, अगदी तसा आवाज येतोय."

अक्का चपापल्या. हा माणूस एवढी वर्षं डोळे मिटून नुसता झोपत नव्हता तर! कुठल्या यंत्राचं काय दुखतंय ते खुर्चीतून ऐकत होता. त्यांनी पुन्हा एकेक तार तपासली. वरच्या चार ठीक. गडबड जी आणि बीच्या मध्ये. तेव्हा कुठे ताईचा आवाज आठवला, "काकू, सगळीकडे पाचवं घर, पण जीवरून बी लावताना फक्त चौथं!"

"चुकले," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. "जेवूनवरून बसल्याबसल्याकडे जाताना एक घर कमी. ते राहतच नाही डोक्यात."

"त्यात काय अवघड आहे?" साहेबांनी डोळे उघडले. "पोटभर जेवल्यावर माणूस एक पाऊल कमीच चालतो."

क्षणभर कोणाला हसावं की नाही कळेना. मग साहेबच फिसकन हसले, आणि मग काय, सगळी लाँड्री खो-खो हसत सुटली. अक्कांनी बी एका घरानं उतरवली, तिच्या मागोमाग बारीक ई उतरवली, आणि दोन्ही टोकांच्या तारा एकदम छेडल्या. भांडण मिटलं होतं.

"वाक्य तारांचंच आहे," साहेबांनी निकाल दिला. "पण मी डुलत नाही, तपासणी करतो. नोंद घ्या."

शनिवारी अक्कांनी वर्गात आपलं वाक्य चौथ्या घराच्या तळटीपेसकट सांगितलं. एदी कोण हे मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही. ताईनं ते फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांच्या गिटारी तपासायला अक्कांच्याच पुढ्यात ठेवल्या. आठ गिटारी, अठ्ठेचाळीस तारा. पोरं वाक्य म्हणत होती आणि अक्का मान हलवत खुंट्या पिळत होत्या. शेवटची गिटार लागली तेव्हा तास संपला होता आणि स्वतःचा धडा तसाच राहिला होता.

घरी आल्यावर त्यांनी लाल झालेली बोटं यजमानांच्या नाकासमोर धरली.

"स्वयंपाक आज तुम्ही करायचा."

"अगं, पण मला कुठे येतो?"

"सोपं आहे," अक्का खुर्चीत रेलत म्हणाल्या. "मी एक वाक्य सांगते, ते पाठ करा."